पेटी कुणाच्या ताब्यात

सत्तरच्या दशकात सोलापुरात पेटी वाजवून पोट भरणाऱ्या बायका किती होत्या, मला ठाऊक नाही. मी होते. सकाळी शाळेत प्रार्थना, दुपारी बायकांची भजनी मंडळं, संध्याकाळी घरी शिकवण्या. घरात सोनंनाणं नव्हतं. होती ती एक हार्मोनियम, आणि तिच्यावर माझं नि आईचं चाललं होतं.

मला शिकवलं ते मास्तर अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही. मला ते ‘यव्वा’ म्हणायचे. कन्नडात आईला म्हणतात तेच, पण लाडानं लेकीलाही म्हणतात. साठी उलटली तरी भजनाला, कीर्तनाला साथ करायला गावोगाव जायचे. त्यावरच त्यांचा संसार होता.

एके दिवशी वळसंगजवळ त्यांची पेटी एसटीच्या टपावरून पडली आणि फुटली. सुटलेल्या पट्ट्या धोतराच्या सोग्यात गोळा करून ते थेट माझ्याकडे आले. मला रडू आलं नाही, संताप आला. एवढी वर्षं पेटी मांडीवर घेऊन प्रवास करणाऱ्या माणसाला त्या दिवशीच ती टपावर टाकायची काय दुर्बुद्धी झाली? विचारलं तर म्हणाले, “गर्दी लई होती की.” मग ते कार्यक्रमाला माझी पेटी नेऊ लागले. घरी माझ्यासमोर मात्र ती उघडतही नसत. आमच्या धंद्यात कुणी वाद्य मागितलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. आणि गुरूला नाही म्हणायला तर जीभच उचलत नाही.

पण पेटी त्यांच्याबरोबर गेली की माझा जीव टांगणीला. ती परत दारात दिसेपर्यंत आईशीसुद्धा मी धड बोलत नसे. शिकवणीच्या एका मुलीचे वडील विमा कंपनीत होते. त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, विमा उतरवा.” माणसांचा विमा ऐकला होता, पेटीचा कुणी ऐकलाय? तरी उतरवला. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी पेटी चारी बाजूंनी पाहिली, भाता हलवून बघितला आणि अट समजावून सांगितली. पेटी माझ्या घरात असेल किंवा मी स्वतः तिच्यासोबत असेन, तर चोरी, आग, मोडतोड, सगळ्याची भरपाई. ती माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हाती गेली, तर काही नाही.

झालं. इतके दिवस पेटीची काळजी होती, आता मास्तरांना काय सांगायचं ही काळजी. आडपडदा मला जमत नाही. मी सांगून टाकलं, “मास्तर, इथं येऊन हवं तेवढं वाजवा, पण पेटी बाहेर द्यायची सोय राहिली नाही.”

“हितं कुणाफुडं वाजवू? भिंतीफुडं?” ते म्हणाले. “अक्कलकोटचं भजन घेतलंय मी.”

“मग मी येते पेटीबरोबर.”

“म्हंजे माज्यावर पोलीस,” असं म्हणून त्यांनी जी पाठ फिरवली, ती एसटीतसुद्धा. मीही काही कमी नव्हते. पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.

अक्कलकोटला एका घरी दुपारचं भजन होतं. मी मास्तरांच्या मागे बसले. पहिल्याच अभंगात सूर मधेच दबायला लागला. मला वाटलं, पेटीतच बिघाड झाला. थोडं पुढे वाकून पाहिलं, तर पेटी ठणठणीत होती. मास्तरांचा डावा हात भात्यावरून घसरत होता. बोटं वळत नव्हती. ते हात उचलून पुन्हा भात्यावर ठेवायचे, तो पुन्हा घसरायचा. उजवा हात मात्र पूर्वीसारखाच, लोण्यासारखा. गाणाऱ्या बुवांनी एकदा वळून पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली.

 टपावर पेटी का गेली, माझ्यासमोर वाजवायला हल्ली ते का टाळत होते, सगळं एकदम कळलं. मी उठले, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि भाता हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात मांडीवर घेतला आणि उपरण्याखाली सरकवला. सुरुवातीला घाबरून मी जोरात भाता मारला तेव्हा पुटपुटले, “हळू.” मग जमलं. कुठे ते रेंगाळणार, कुठे सूर उचलणार, हे मला त्यांनीच तर शिकवलं होतं.

परतताना मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मला परकी समजता का, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुला सांगायला काय हुतं, तू पेटी दिलीच असतीस,” ते म्हणाले. “पण हात गेलेल्या मास्तरला भजनाला कोन बोलावतंय?”

 लाकडाचा, भात्याचा विमा मी उतरवून बसले होते, आणि ज्या हातानं मला शिकवलं तो असा हळूहळू चालला होता.

विम्याच्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “तुम्ही सोबत आहात ना? मग पट्ट्या कुणी दाबायच्या, हे आम्ही विचारत नाही.” पण विचारणारे दुसरे होते. पुढच्याच आठवड्यात, दरवर्षी भजन ठेवणारे एक यजमान माझ्या घरी आले. मास्तर तिथंच बसले होते. अक्कलकोटची बातमी यजमानांच्या कानावर गेली असावी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते मला हळूच म्हणाले, “यंदा साथीला तुम्हीच या. मास्तरांना आता झेपत नाही म्हणतात.”

माझं डोकं सणकलं. पण मी काही बोलायच्या आत मास्तरांनी पेटी पुढे ओढली. “भाता धर, यव्वा,” म्हणाले. मी धरला. ते वाजवत राहिले, आणि यजमान आईनं आणलेला चहा तसाच ठेवून ऐकत राहिले.

थांबल्यावर मास्तर म्हणाले, “माजा डावा हात गेलाय. भाता ही मारती. बोलवायचं तर दोगांना बोलवा.”

यजमान काय उत्तर देतात याकडे माझं लक्षच नव्हतं. मी मास्तरांकडे पाहत होते. उपरणं खांद्यावर होतं, आणि वाकडा झालेला तो हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला होता.