जागेचा रुमाल

अन्वी, नील — ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. आता आईलाच ती तुम्हाला वाचून दाखवावी लागेल, कारण तुम्हाला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत लिहिता आलं असतं मला. मंठ्याच्या शाळेत तीस वर्षं तेच तर शिकवलं. पण इंग्रजीत नको. का नको, ते पुढे कळेल.

अन्वी, गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस, की तिकडे बसमध्ये एका गोऱ्या बाईनं शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली आणि तुझ्याकडे बघून मान हलवली. तू म्हणालीस, दिसायला चांगली होती गं आजी, तुझ्यासारखीच टापटीप. तिला मी काय केलं होतं? मी म्हणाले, असतात काही लोक अडाणी, लक्ष देऊ नकोस. फोन ठेवला आणि पालक निवडायला बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर पानं केराच्या टोपलीत आणि देठं परातीत.

आमच्याकडे एस.टी. थांब्याला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल आत टाकतात. रुमाल पडला की जागा त्या माणसाची. नंतर कितीही गर्दी होवो, रुमालावर कुणी बसत नाही. तुम्ही हसाल, पण ते सगळे पाळतात. मी त्यासाठी वेगळा रुमाल ठेवायची — मोठा, निळ्या चौकटींचा, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. तोंड पुसायचा वेगळा.

चार वर्षं झाली. मला डोळे तपासायला संभाजीनगरला जायचं होतं. मंठ्याहून जालन्याला आले, तिथून पुढची गाडी. शेजारच्या कुसुमताई जालन्यात लेकीकडे होत्या, त्या स्टँडवर येणार होत्या. मी खिडकीजवळ बसले आणि शेजारी त्यांच्यासाठी रुमाल पसरला. तेवढ्यात त्यांचा फोन आला. गुडघा धरलाय, तुम्ही व्हा पुढं.

म्हणजे जागा रिकामी होती. हे मला माहीत होतं — हे आधीच लिहून ठेवते.

मग ती चढली. पंचविशीची असेल. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून शिकायला आलेली; संभाजीनगरला अशी पुष्कळ मुलं असतात. पाठीवर दप्तर, हातात जाड वही. गाडी भरली होती. तिला बघून मागून कुणीतरी म्हणालं, “क्रिकेटची टीम मागून येऊन राह्यली का रे?” चार-सहा लोक हसले. मीही हसले का? थोडंसं. ओठ हलले एवढं नक्की आठवतं.

ती माझ्या सीटपाशी आली, रुमालाकडे बोट दाखवून तिनं भुवया उंचावल्या. मी रुमालावर हात ठेवला आणि मान हलवली.

का? मी या प्रश्नाभोवती चार वर्षं फिरते आहे. तिचे कपडे माझ्याइतकेच स्वच्छ होते. ती माझी पर्स उचलेल अशी भीती वाटली नव्हती. ती फार काळी होती — एवढंच. तिचा दंड माझ्या दंडाला लागेल, तास-दीड तास लागून राहील, हे मला नको होतं. लिहायला एक ओळसुद्धा लागली नाही बघा.

गाडी सुटली. तिकिटं देत कंडक्टर आला. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. “बाई, तुमच्यामुळं दहावी निघाली माझी,” म्हणून त्यानं भर गाडीत वाकून नमस्कार केला. मग रुमालाकडे पाहिलं. “कोण यायचं राह्यलं, बाई?”

“बदनापूरला चढणार आहेत,” मी म्हणाले.

“मंग तिला जरा इंग्रजीत सांगता का? ती दोनदा विचारून राह्यली, मला काही बोलता येईना.”

त्या गाडीत तिला समजेल ती भाषा येणारी मी एकटी होते. कधी नव्हे ते वर्गाबाहेर माझं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. आणि मी तिला, जसं वर्गात शिकवायचे तसं, स्वच्छ उच्चारात सांगितलं — दिस सीट इज टेकन.

“थँक यू, मॅम,” ती म्हणाली. अगदी मनापासून. आपल्याशी कुणीतरी नीट बोललं म्हणून.

बदनापूरला कुसुमताई चढणार नव्हत्याच. मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई चढली, घामाघूम. “मावशी, कुणी हाय का इथं?” तिनं विचारलं. मी रुमाल उचलला. उचलून झाल्यावर लक्षात आलं की उचलला. “बस,” मी म्हणाले.

ती मुलगी माझ्यापासून दोन हातांवर दांडा धरून उभी होती. तिनं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर मी उलट काहीतरी बोलले असते. ती रागावली नाही. अशा वागण्याशी जुनी ओळख असल्यासारखं पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

अजून जवळजवळ तास होता. उठावं, तिला माझी जागा द्यावी, निदान सॉरी म्हणावं — मला शब्द येत होते, सगळे येत होते. शेलगाव गेलं. करमाड गेलं. चिकलठाणा आलं. मी मांडीवर रुमालाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. स्टँडवर ती उतरली आणि मी गाडी रिकामी होईपर्यंत बसून राहिले.

अन्वी, मी तुला फोनवर खोटं सांगितलं. ती बाई अडाणी नव्हती. तू तिला काही केलं नव्हतंस, आणि पिशवी ठेवताना हे तिला माहीत होतं.

मलाही माहीत होतं.