पोत्यात मोजलेलं व्याज

तुमसरच्या आमच्या बँकेत मुदत ठेवीच्या खिडकीवर बसणारे कारकून चष्मा कपाळावर चढवून व्याज तांदळाच्या पोत्यांत मोजतात. परवा व्याजदर वाढल्याची पाटी लागली आणि चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सगळी पुंजी घेऊन आले.

"व्याज वाढलं म्हंते, सारे इथंच ठेवतो."

"वाढलं ना, काकाजी. पण महागाई त्याच्याहून जास्त वाढून राहिली. आज या पैशात शंभर पोते तांदूळ भेटते. सालभरानं व्याज धरूनही पंच्याण्णवच भेटन."

मागे मॅनेजर येऊन उभे होते. मी खोकून इशारा केला, पण कारकून थांबले नाहीत.

"मंग तुमी कायले ठेवता?" काकाजींनी विचारलं.

"मी कुठं ठेवतो? म्हैस घेतली."

मॅनेजर वाकले आणि हळूच म्हणाले, "कितीले भेटली?"