शाबासकीचा पत्ता

आमच्या बाईंना कुणी "काय गोड आवाज हो तुमचा!" म्हटलं की त्या लाजत नसत. मान डोलावून सरळ म्हणत, "आहेच गोड. पण शाबासकीचा पत्ता चुकलाय तुमचा. वर पाठवा." आणि बोट छताकडे. चर्चमध्ये नवीन आलेल्या माणसाला वाटे, काय आगाऊ बाई आहे ही! मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसलोय, तर हात अडखळतो. त्याचं कारण पुढे येईलच.

पनवेलच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं आणि दर रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटीवर भजनं गायली. खोट्या नम्रतेची त्यांना शिसारी येई. कोयरमधली एखादी मुलगी "मला कुठे येतं गायला" म्हणून आढेवेढे घेऊ लागली की बाई पेटीचा भाता थांबवत. "येतं की! देवानं दिलंय ते नाकारायचं म्हणजे देणाऱ्यालाच खोटं पाडायचं. गा मुकाट्यानं."

माझ्यावर त्यांचं विशेष लक्ष होतं. मला जरा बरं बोलता येतं, म्हणून उपासनेत प्रार्थनेला मला उभं करत. एकदा प्रार्थनेनंतर कुणी कौतुक केलं, तर मी हात जोडून म्हणालो, "मी काय, पामर माणूस." बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पामर म्हणवून घेताना किती खूश दिसतोस रे!" सगळे हसले, मीही हसलो. पण माझे कान तापले ते एसटी स्टँड येईपर्यंत तापलेलेच होते.

स्वतःलाही त्या सोडत नसत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांना बोलता येई, पण सूर लागेना. त्या नाताळात त्यांचं नेहमीचं गाणं एका तरुण मुलीनं गायलं, आणि फार सुरेख गायलं. चर्च सुटल्यावर मी बाईंना रिक्षात बसवत होतो. त्यांचे डोळे भरलेले होते. मी म्हणालो, "आनंद झाला ना, बाई?"

"कसला आनंद! जळतंय मला. इतकी वर्षं वर बोट दाखवलं, आणि बघ, अर्धं कौतुक मीच मधल्यामध्ये लाटत होते. माझ्यासाठी प्रार्थना कर." मग मला धरून पुन्हा खाली उतरल्या, त्या मुलीला गाठलं आणि म्हणाल्या, "छान गायलीस. दुसरं कडवं मात्र घाईत घेतलंस. घरी ये, सांगते."

शेवटचे काही महिने त्या पनवेलजवळ विचुंब्याला भाड्याच्या खोलीत अंथरुणावरच होत्या. आमच्यात माणूस गेल्यावर काही दिवसांनी उपकारस्तुतीची सभा होते. उपकार देवाचे आणि स्तुतीही देवाची. हल्ली मात्र ती गेलेल्याचा सत्कार समारंभ होऊन बसली आहे, आणि बाईंना ते फार खटके. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "माझ्या सभेत तू बोलशीलच. मला चढवू नकोस. देवानं माझं काय काय सहन केलं, ते सांग." मी शब्द दिला.

सभेत उभा राहिलो तेव्हा खरंच तेच सांगायचं मनात होतं. बाईंची नम्रता सांगता सांगता एका वाक्याला माझा आवाज कापला. तो खरा होता. पुढच्या बाकांवर रुमाल निघाले, ते मी पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज कापला, तो मी कापवला. मग बाईंना चढवत गेलो, आणि त्यांच्याबरोबर मीही चढत गेलो. खाली उतरलो तेव्हा पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. कुणीतरी व्हिडिओ केला होता, तो चहा होईपर्यंत चर्चच्या ग्रुपवर आलासुद्धा.

चहाच्या टेबलापाशी बाईंच्या घरमालकीण काकू भेटल्या. विचुंब्यातल्या तीन मजली घराच्या मालकीण, अंगभर सोनं, आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आलेल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लय चांगला बोललाव, भाऊ. आमाला रडूच आला. पन बाय ज्याचा नाव सारखा घ्यायची, त्याचा नाव तुमी घेतलाच नाय. तुमच्यात मानूस गेल्यावर देवाचा नाव घेत नाय का?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. आमची रीतच तशी असेल, असं त्यांना वाटलं होतं. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

घरी जाऊन व्हिडिओ ऐकला. काकूंचं खरं होतं. तो ग्रुपवरून काढून टाकायला सांगावं, असं रोज वाटतं. अजून सांगितलेलं नाही. परवाच कुणीतरी त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, आणि बाईंची आठवण येण्याआधी मला बरं वाटलं.