मेंढा बोलत नाही

कोणी नुसतं "गेली" म्हटलं की येसूमावशी हातातली वात ताटलीत ठेवायच्या आणि विचारायच्या, "कशानं?"

काशीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. इथं माणसं मरायलाच येतात. सुटली, तरली, विश्वेश्वरानं कानात मंत्र सांगितला, असं म्हणायचं आणि हात धुऊन आपल्या कामाला लागायचं. मावशींचं तेवढ्यावर भागत नसे. "तापानं गेली" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न तयार. "वैद्य आणला होता? कोणी आणला? कितव्या दिवशी?" सांगणारी बाई चाचरू लागली की मावशी नाकातून "हुं" असा आवाज काढत. त्या एका हुंकारात मेलेलीच्या घराची सगळी अब्रू उतरत असे.

मी लग्न होऊन रामघाटावर आले तेव्हा त्या साठीच्या पुढे असतील. लाल आलवण, काटकुळा देह, बसायची जागा नेहमी भिंतीला पाठ लावून. बालविधवा. सासरच्यांनी यात्रेला म्हणून दक्षिणेतून काशीला आणलं आणि परतताना "पुढच्या वर्षी न्यायला येऊ" असं सांगून इथंच ठेवलं. ते पुढचं वर्ष कधी उगवलं नाही. मावशी म्हणायच्या, "मला त्यांनी गंगेला वाहिलं. नारळ वाहतात तसं. नारळ वाहून जातो, मी मेली घाटाला लागले."

संकठा घाटाजवळच्या गल्लीत त्यांची खोली होती. सकाळी अन्नछत्रात एकदा जेवायच्या आणि दुपारी आमच्याकडे वाती वळायला यायच्या. त्यांच्यामागून शेजारच्या बायाही यायच्या, कारण मावशी गोष्ट सांगायच्या. पोथीतली नव्हे, मनातली. ती महिनोन्महिने चाले.

गोष्ट नीलपट्टण नावाच्या राज्याची होती. तिथं घरोघर जादू. कोणी ढगावर बसून बाजारात जाई, कोणी शेजाऱ्याचं पीक मंत्रानं आपल्या शेतात ओढून नेई. रागावलेला सावकार माणसाचा मेंढा करी आणि दारात बांधून ठेवी. या कशालाही राजाची ना नव्हती. मनाई होती ती एकाच विद्येला. मेलेल्या माणसाला घटकाभर उठवून बोलायला लावायची विद्या. ती शिकेल त्याची जीभ कापत. तिचं नाव घेतलं तरी नीलपट्टणचे मोठमोठे मांत्रिक कानांवर हात ठेवत.

"का पण?" मी एकदा न राहवून विचारलं. नवी सून होते, पण गोष्टीच्या वेळी तेवढी सूट असे.

"तुम्हीच सांगा," मावशी म्हणाल्या.

एक म्हणाली, मेलेलं माणूस उठलं की घरादाराला धरतं. "काय धरणार गं ते? त्याला भात नको, लुगडं नको, माडीवरची खोली नको. धरतात ते जिवंत," मावशी म्हणाल्या. दुसरी म्हणाली, सुटलेल्या जिवाची शांती मोडते, म्हणून पाप. मावशींनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती बिचारी वाती मोजू लागली. "जिवंत होती तेव्हा तिच्या शांतीची कोणाला पडली होती? मेल्यावरच बरी आठवते."

"पण मावशी," मी म्हटलं, "माणसाचा मेंढा केलेला चालतो. मग मेलेला दोन शब्द बोलला तर एवढं काय बिघडतं?"

"मेंढा बोलत नाही, सूनबाई," त्या म्हणाल्या. "म्हणून चालतो."

त्याच दिवसांत माझी धाकटी नणंद गोदू हिच्या लग्नाचं घाटत होतं. ती तेव्हा सागरगोटे खेळायच्या वयाची. स्थळ होतं भाऊशास्त्र्यांचं. दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं सांगण्यात त्यांचा हात धरणारा घाटावर कोणी नव्हता. आवाज असा की पितर नसले तरी यावेत. वय चाळिशीपलीकडचं, दोन बायका झालेल्या. पहिली पुरात पाय घसरून गेली, दुसरी तापानं. सासूबाईंना स्थळ पसंत होतं. घर दुमजली, पंक्तीत मान पहिला. मामंजी तर शास्त्रीबुवांच्या नुसत्या चाहुलीनं उठून उभे राहत. गोदूला कोणी विचारलं नव्हतं. ती जेवायला बसली की घास तोंडात तसाच धरून ठेवायची.

हे स्थळ कानावर आलं त्या दुपारी मावशींनी गोष्टीला वळण दिलं. नीलपट्टणचा राजा तिसरं लग्न करणार असतो. होणाऱ्या धाकट्या राणीची आई अडून बसते. म्हणते, आधीच्या दोघींना उठवा, त्यांना विचारू आणि मग मुलगी देऊ. सगळा दरबार राजाच्या तोंडाकडे पाहू लागतो. मावशींनी तिथंच गोष्ट थांबवली, ताटली उचलली आणि निघून गेल्या. 

गल्लीत गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी, सगळ्या जमलेल्या असताना, भाऊशास्त्री बायकांच्या बैठकीत येऊन उभे राहिले. आम्ही पदर सावरून उठलो. मावशी बसूनच होत्या.

"जानकीबाई," ते सासूबाईंना म्हणाले, "आपल्या घरात हे काय चाललंय? काशीसारख्या क्षेत्रात प्रेतं उठवण्याच्या कथा? हे अघोरी आहे. हे चेटूक आहे."

"गोष्ट आहे, शास्त्रीबुवा," मावशी म्हणाल्या. "खोटी."

"खोटी असो की खरी, पुढे सांगायची नाही. त्या राण्यांना उठवायचं नाही. मी कोतवालीत वर्दी देईन."

"द्या की. साहेबाचं राज्य आहे, तो सगळं लिहून घेतो. काय सांगाल? नीलपट्टणच्या राणीपासून जिवाला धोका आहे?"

एक पोर फिसकन हसली. शास्त्रीबुवांचा चेहरा काळवंडला. पितरांना हाका मारून कमावलेला तो आवाज चिरकला. "लोक भलते अर्थ काढतात! माझ्या घरात काय झालं ते मला मालूम. तिला पाणी द्यायचं नाही असं वैद्यानंच..."

ते थांबले. पाण्याचं कोणी काढलंच नव्हतं. गोष्टीत राण्या कशानं मेल्या हे मावशींनी अजून सांगितलंही नव्हतं. शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं आणि आले तसे जिन्यानं खाली गेले. वेद मुखोद्गत असलेला तो माणूस खाली उतरताना दोनदा अडखळला.

सासूबाईंनी बायांना घरी पाठवलं, दार लावलं आणि मावशींपुढे बसल्या. "येसूबाई, काय ते सांगा."

मावशींच्या आवाजात पहिल्यांदाच उपहास नव्हता. "माझ्या खोलीची भिंत आणि त्याच्या माजघराची भिंत एकच. पहिलीचं मला काही ठाऊक नाही. दुसरीचं ठाऊक आहे. ताप होता, खरं आहे. दाराला बाहेरून कडी होती, तेही खरं आहे. ती पाणी मागत होती. मी भिंत ठोकली, त्याच्या दारावर गेले, तर म्हणाला, आमच्या घरात लक्ष घालू नका. मग ती मागायची थांबली."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं तर! दोन मोठ्या पंडितांकडे गेले. दोघांचंही म्हणणं एकच. काशीत मेली, मुक्त झाली, आता त्या जिवाला त्रास देऊ नका." मावशींचा ओठ वाकडा झाला. "किती दयाळू! सगळ्या विद्या येतात यांना. ग्रह फिरवतात, पितरांना स्वर्गात चढवतात. एक मेलेली बाई बोलेल म्हटलं की धोतरं सुटतात."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मामंजींना सांगितलं की पत्रिका जमत नाही. "जमते," मामंजी म्हणाले, "मी स्वतः पाहिली." सासूबाई म्हणाल्या, "मग परत पाहा." मामंजींनी परत पाहिली. जमत नव्हती.

याचं उट्टं निघालं ते मावशींवर. घाटावर ब्राह्मणांची सभा बसली. शास्त्राचे ढीग पाठ असलेली ती माणसं एका म्हाताऱ्या बाईच्या मनच्या गोष्टीवर गंभीरपणे चर्चा करत होती. एकानं प्रेतविद्येवरचे श्लोक काढले, दुसऱ्यानं प्रायश्चित्त काढलं. बाहेरून कडी लावलेल्या दाराचा विषय कोणी काढला नाही. ठरलं असं की येसूबाईंनी चेटूक केलं, सबब अन्नछत्रातलं त्यांचं पान बंद. गोष्ट खोटी होती असं चारचौघांत म्हणून क्षमा मागितली तर पान पुन्हा मांडू.

हा निरोप घेऊन मामंजींनाच पाठवलं होतं. मावशी खोलीच्या उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, "खोटीच होती, मी पहिल्यापासून सांगतेय. त्यांना म्हणावं, खोट्या गोष्टीला एवढे घाबरलात ते का, हे तेवढं सांगा. मग मागते क्षमा."

मामंजींनी हे उत्तर सभेत पोचवलं की नाही, देव जाणे. मला वाटतं, नसेल पोचवलं.

पान बंद झाल्यावर दोन-चार घरांतून लपून भाकरी गेली. रस्त्यात मावशी दिसल्या की त्याच घरांतल्या बाया तोंड फिरवत. एके सकाळी सासूबाई भर गर्दीच्या वेळी संकठा घाटावर गेल्या, मावशींचं गाठोडं स्वतः उचललं आणि त्यांना हाताला धरून सगळ्या गल्ल्यांतून घरी आणलं. मामंजी दारातच अडले. "अहो, लोक काय म्हणतील?"

"जिवंतच म्हणतील ना?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणू देत."

लोक म्हणाले. आम्हाला पंक्तीतून वगळलं, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, मामंजींचे यजमान दुसऱ्यांनी पळवले. घरात ओढाताण सुरू झाली ती खरीच. पण गोदूचं लग्न प्रयागच्या एका शाळामास्तरांशी झालं, आणि सासरी जाताना ती हुंदके देऊन रडली ती मावशींच्या गळ्यात पडून. मावशींनी तिला दूर सारलं. "पुरे. चांगल्या घरी चाललीस. रडणं जपून ठेव, फुकट घालवू नकोस."

शेवटची काही वर्षं त्या आमच्याकडेच होत्या. स्वयंपाकघरात बसून सगळ्यांचा उद्धार करत: भाजीत मीठ विसरलेल्या सुनेचा, खोट्या पंचांगाचा, लाटसाहेबाच्या स्वागताला कमानी उभारणाऱ्या शेटजींचा. त्यांच्या तोंडून चांगलं ऐकलेलं माणूस मला आठवत नाही. त्यांनी ज्यांना नावं ठेवली त्यातल्या एकालाही ती चुकून ठेवली असंही आठवत नाही.

एका थंडीत त्यांची वाचा गेली. वैद्य सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आणला होता. त्यानं हात टेकले. मावशी डोळ्यांनी सगळं पाहत, ओठ हलवत, पण शब्द उमटत नसे. आम्ही आळीपाळीनं उशाशी बसलो, चमच्यानं पाणी घालत राहिलो. सकाळच्या उन्हात, सासूबाईंच्या मांडीवर डोकं असताना त्या गेल्या.

तिरडी बांधत होते तेव्हा दारात भाऊशास्त्री येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी आमची पायरी चढली नव्हती. त्यांना तिसरी मुलगी कोणी दिली नव्हती, आणि ते पार वाकले होते. अंत्यविधी आपण सांगू, दक्षिणा नको, असं म्हणाले. सासूबाईंनी नको म्हणून सांगितलं. तरी ते जाईनात. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत उभे राहिले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"शेवटी काही बोलल्या का?"

सासूबाईंनी दाराला हात घातला.

"सगळं बोलल्या," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.