वादळाचं बटण

समुद्राची माहिती देणारं एक सॉफ्टवेअर वर्गात वापरण्याजोगं आहे का, हे तपासायला मला कोळीवाड्यातल्या शाळेत पाठवलं होतं. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून मी समुद्राकडच्या खिडक्या लावून घेतल्या. देवमासे झाले, पोवळी झाली. मग मी 'वादळ' हे बटण दाबलं. एक होडी गरगरली आणि 'बुडुक' असा गमतीदार आवाज करत बुडाली. तालुक्याच्या शाळेत याच दृश्याला हशा पिकला होता. ही मुलं मात्र चिडीचूप. मी खूश झाले. फॉर्मवर 'मुले एकाग्र होती का?' यापुढे 'होय' अशी खूण केली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी उठली आणि तिने खिडकी उघडली. उजेडाने पडदा पांढराफटक पडला.

"अगं, चित्र दिसत नाही!" मी ओरडले.

"बाई, पप्पांची होडी बघते."

सगळा वर्ग खिडकीशी धावला. लांबवर चार ठिपके होते, आणि मुलं एकेका ठिपक्याला नावानिशी ओळखत होती. मी फॉर्मवरच्या त्या 'होय'कडे पाहिलं. इतकी वर्षं मी शांत वर्गांना शाबासकी देत आले. त्यातले किती नुसते घाबरलेले होते?

मागून सॉफ्टवेअरमधली बाई गोड आवाजात विचारत होती, "पुन्हा बघायचं?"