नमुनामावशी

मावशींच्या डोळ्यांच्या कडांना एकही सुरकुती नव्हती. साठी उलटलेली, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, पण डोळ्यांभोवतीची कातडी मात्र इस्त्री केलेल्या रुमालासारखी. आमच्या सोसायटीतल्या बायकांना याचा फार संशय यायचा. कोणी म्हणे, परदेशातल्या भाचीकडून काहीतरी येतं. कोणी म्हणे, गुपचूप इंजेक्शन घेतात. तळमजल्यावरच्या जयाबेनचं मत ठाम होतं. "ए हसतां ज नथी, पछी करचली क्यांथी पडे?" हसतच नाहीत, मग सुरकुती पडणार कुठून? हे बाकी खरं होतं. मावशींचा बडोद्यातल्या कशावरच विश्वास नव्हता, मग विनोदावर तरी कसा असेल?

त्यांना इथून जाऊन आता दोन वर्षं झाली.

पाठीमागे आम्ही त्यांना नमुनामावशी म्हणायचो. प्रत्येक सोसायटीत असा एक नमुना असतोच, त्यामुळे नाव कोणी ठेवलं हे विचारायची गरज कधी पडली नाही. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्या तीस वर्षं प्रयोगशाळेत होत्या. येणारा माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा, पिंपावर लिहिलंय तेच पिंपात आहे का ते बघायचं. नोकरी संपली तरी काम चालूच राहिलं. दूधवाला, फळवाला, गॅसवाला, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. मुलीसाठी स्थळ बघायला गेल्या तेव्हा नवऱ्यामुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता म्हणे. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "मागितला. वयात आठ महिन्यांचा फरक निघाला. तरी दिली मुलगी, पण माहीत असलेलं बरं."

घराबाहेर पडायचं तर त्यांना पाव तास लागायचा. आधी औषधाच्या दुकानात भिंग लावून वाचून घेतलेलं उन्हाचं क्रीम, मग गॉगल, मग तोंडाभोवती ओढणी, वर छत्री. स्कूटीवरच्या पोरी असंच बांधून फिरतात, पण मावशी एवढा जामानिमा फाटकावर कोथिंबीर घ्यायला जाताना करायच्या. "ऊन काही नोटीस देऊन येत नाही," त्या म्हणायच्या. कोणी डोळे चोळताना दिसलं की लांबूनच आवाज यायचा, "चोळू नकोस. ती कणीक नाही." त्यांचं गुपित एवढंच होतं आणि विचारेल त्याला त्या ते सांगायच्या. पण जी बाई कोणावर विश्वास ठेवत नाही तिच्यावर कोण ठेवणार? सगळ्यांना वाटायचं, खरी वस्तू कपाटात आहे.

मलाही तेच वाटायचं, आणि मला त्या वस्तूची गरज होती. अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर मी अठरा वर्षं उभी होते. त्या वर्षी पंचविशीतल्या दोन मुली नव्याने आल्या आणि मॅनेजरसाहेब एके दिवशी गोड आवाजात म्हणाले, "शुभाबेन, थोडां फ्रेश लागो ने." फ्रेश दिसा. मी लिफ्टच्या आरशात पाहिलं. हसले की डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा उमटत होत्या, आणि रिसेप्शनवर तर दिवसभर हसावंच लागतं. तो काउंटर मला फार प्रिय होता. तो गेला तर माझं काय उरेल, असं तेव्हा खरंच वाटायचं.

एका पार्लरवाल्या बेनने मला पांढरी डबी दिली. वर नाव नाही, गाव नाही. आठ दिवसांत रेघा पुसट झाल्या, डोळ्यांखालचा काळसरपणा गेला. जिन्यात मावशी भेटल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"काय लावतेस?"

"काही नाही, मावशी. पार्लरवाली म्हणाली, खाली बदाम तेल आहे."

आम्हा बडोदेकरांच्या मराठीत हा 'खाली' गुजरातीतून येऊन बसला आहे. 'फक्त' म्हणायचं तिथे आम्ही 'खाली' म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे जमिनीकडे बघतात. मावशींचा जन्म इथलाच, त्यांना नीट कळलं होतं. तरी म्हणाल्या, "खाली बदाम तेल. आणि वर काय आहे, ते विचारलंस का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "आठ दिवसांत गुण येतो तिथे काहीतरी कावा असतो. डबी दे मला बघायला." मी दिली नाही. मनात म्हटलं, आता कळलं, बाईसाहेबांना कशाची भूक आहे ते.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. आठ-दहा बायका बसलेल्या, तिळगूळ चाललेला. वाण आणायला आतल्या खोलीत गेले तर मावशी माझ्या आरशापुढे उभ्या. एका हातात माझी डबी, दुसऱ्या हातात काडी, आणि काडीने त्या क्रीम एका इवल्याशा बाटलीत भरत होत्या. माझं डोकंच फिरलं. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "मावशी, मागितलं असतं तर दिलं असतं. चोरायचं कशाला?"

त्यांनी डबीचं झाकण नीट लावलं, डबी जागेवर ठेवली. "मागितलं होतं," एवढंच म्हणाल्या आणि सगळ्यांसमोरून वाण न घेता निघून गेल्या. बाटली मात्र नेली. पुढे पंधरा दिवसांनी दाराखालून एक चिठ्ठी आली, 'लावणं थांबव.' मी ती फाडली. जळतेय मेली, असं मोठ्याने बोलले. आज ते लिहितानाही लाज वाटते.

उन्हाळ्यापर्यंत मी डबी लावत राहिले. संपली की दुसरी. मग डोळ्यांखालची कातडी लाल आणि पातळ होऊ लागली, कपाळ दुखू लागलं, आणि संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यांतला दाब खूप वाढला होता, डाव्यात जास्त. काचबिंदूची सुरुवात, असंच चाललं तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, म्हणाले. "डोळ्यांजवळ काही लावता का?" डबीत काय आहे ते विचारायला गेले तर पार्लरवालीने हात झटकले. कुठली डबी, मी ओळखत नाही, म्हणाली. घरातली डबी मी आदल्याच आठवड्यात घासूनपुसून संपवून फेकली होती.

मग मला ती इवलीशी बाटली आठवली. मी जिना चढून त्यांची बेल वाजवली. मावशींनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "नमुना हवाय ना? ये."

ते कपाट मी त्या दिवशी पाहिलं. आत छोट्या बाटल्यांच्या रांगा. प्रत्येकीवर चिठ्ठी, त्यावर नाव, तारीख आणि कुठून आणलं ते. जयाबेनचं केसांचं तेल, वरच्या सुनेचं गोरेपणाचं क्रीम, कोणाच्या तरी बाळाची पावडर. कारखान्यात माल गेला तरी त्यातला थोडा बाटलीत राखून ठेवायचा असतो. उद्या तक्रार आली तर हातात काहीतरी हवं. मावशी आम्हा सगळ्यांचे नमुने राखत होत्या, आणि आम्ही त्यांना नमुना म्हणत होतो.

माझी बाटली पुढेच होती, सोबत एक कागदही. कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून त्यांनी ती कधीच तपासून घेतली होती. स्टेरॉइड. "हे सांगायला दोनदा आले तुझ्याकडे. तू दार उघडलं नाहीस. म्हणून चिठ्ठी टाकली."

मी त्यांच्या पायाशी वाकले. "माफीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "उजवा डोळा झाक. समोरच्या दुकानावर काय लिहिलंय?"

डबी बंद झाली, डोळ्यांत घालायची औषधं सुरू झाली, दाब उतरला. नजर राहिली. रेघा परत आल्या, लेकीबाळींसह आल्या. हॉटेलने मला आतल्या टेबलावर बसवलं. पहिला दिवस जड गेला, पण समोरचा कॉम्प्युटरचा पडदा मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता, आणि त्याची किंमत मला आता ठाऊक होती. मावशी मात्र समाधानी नव्हत्या. डॉक्टर ठीक म्हणतात, यावर त्यांचा विश्वास नव्हता. जिन्यात, भाजीवाल्याकडे, देवळाच्या रांगेत, भेटेन तिथे, "उजवा झाक. वाच." मी चार माणसांत एक डोळा झाकून मुकाट्याने पाट्या वाचायचे.

गुडघे अगदीच थकले तेव्हा मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. मी स्टेशनवर गेले होते. मावशी खिडकीशी बसल्या, मी फलाटावर उभी. त्यांनी नेहमीप्रमाणे बोट दाखवलं. समोर नळाजवळ पाटी होती. मी उजवा डोळा झाकला.

"दिसत नाही," मी म्हणाले.

मावशी उठल्या. त्या गुडघ्यांनी, पिशवी हातात घेऊन, माणसांना बाजूला सारत दारापर्यंत आल्या. मागून मुलगी म्हणत होती, "आई, अगं गाडी सुटेल." त्या फलाटावर उतरल्यासुद्धा. "चल. आत्ता डॉक्टरांकडे."

"मावशी, डोळ्यांत पाणी आलंय. म्हणून दिसत नाही."

त्यांना ते पटलं नाही. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं, पदराने आधी एक डोळा टिपला, मग दुसरा. "आता वाच."

"पीवानुं पाणी," मी वाचलं.

"त्याच्याखालचं?"

"पेयजल."

तेव्हा कुठे त्या वर चढल्या. गाडी हलली आणि मला पुन्हा काही दिसेना. पण त्या परत उतरतील या भीतीने मी ताठ उभी राहिले, आणि त्यांची खिडकी कुठली ते कळत नसतानाही हात हलवत राहिले.