काचेआडचं मशीन

माझी वहिनी डॉक्टर आहे आणि फटकळही आहे. यातलं आमच्या आईला जास्त काय खटकतं, ते आईलाच ठाऊक. आडबाजूच्या ज्या सरकारी दवाखान्यात कुणी टिकत नव्हतं, तिथे ती हट्टाने राहिली आणि तिने पोटातून डायलिसिस सुरू केलं. पोटात नळी घालायची, कोमट द्रावण आत सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. ना वीज लागे, ना मशीन.

"किडन्या मेलेल्या नसतात रे, रुसलेल्या असतात," ती म्हणायची. "थोडे दिवस सांभाळून घेतल्या की येतात वळणावर."

साप चावलेले, जुलाबाने सुकलेले कितीतरी जण तिच्या हाताखालून चालत घरी गेले. मी तिथलाच अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, डोळ्यांनी पाहिलंय.

मग कुणा दानशूराने दवाखान्याला डायलिसिसचं मशीन दिलं. फीत कापली, फोटो निघाले. त्या मशीनला खास शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते शुद्ध करायची यंत्रणा मागवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! चूक झाकायला दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मशीन काचेच्या खोलीत ठेवलं आणि वहिनीच्या द्रावणाच्या पिशव्या बंद केल्या.

"मशीन असताना पोटाला भोकं पाडलीत, तर वरचे विचारतील, मशीन का चालत नाही?"

"आणि पेशंट मेला तर?"

"शहरात पाठवा की."

वहिनी कडाकडा भांडली. साहेब ढिम्म.

त्यानंतर एक बाळंतीण आली. रक्तस्राव खूप झालेला, लघवी थांबलेली, अंग सुजलेलं. वहिनीने सगळी कपाटं उचकटली, एक पिशवी मिळाली नाही. शेवटी मी गाडी काढली, वहिनी मागे तिचा हात धरून बसली. अर्ध्या वाटेत वहिनीने मधल्या काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "वळव गाडी."

मला साहेबांची गचांडी धरावीशी वाटली. अजून वाटते.

परत आलो तर बाळंतिणीची सासू तान्ह्याला घेऊन त्या काचेच्या खोलीपाशी उभी. वहिनीचा चेहरा पाहूनच ती समजली. बराच वेळ रडली, मग मशीनकडे बोट केलं.

"हे का नाही लावलं तिला?"

"त्याला पाणी नव्हतं, मावशी."

"अहो डॉक्टरीणबाई, मग सांगायचं तरी! अख्ख्या गल्लीने हंडे भरून आणले असते."